आपत्तीनंतरचे पुनर्वसन आणि दुर्बल घटकांना आधार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूकंप, महापूर, चक्रीवादळ किंवा त्सुनामीनंतरच्या पहिल्या आठवड्यात मदतीचा ओघ असतो, माध्यमांचे लक्ष असते आणि निर्णयही झपाट्याने होतात. अवघड प्रश्न उभे राहतात ते गर्दी ओसरल्यावर. बाधित कुटुंबे, स्वयंसेवक, देणगीदार आणि स्थानिक पातळीवर निर्णय घेणारी मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्या बाबतीत अनुभवाने स्पष्ट कौल दिला आहे तेथे तो तसाच मांडला आहे. जेथे जाणकारांत मतभेद आहेत तेथे आमचा कल कोणत्या बाजूला आहे हे लपवलेले नाही.

मदतकार्य, पुनर्बांधणी आणि पुनर्वसन यांत फरक तो काय?

जीव वाचवणे, जखमींवर उपचार करणे, पाणी आणि तात्पुरते छप्पर पुरवणे हे मदतकार्य होय आणि त्याचा हिशेब तासांत व दिवसांत होतो. घरे, रस्ते, शाळा आणि पाणीपुरवठा पुन्हा उभारणे ही पुनर्बांधणी. तिला वर्षे लागतात. पुनर्वसनात या दोन्हींच्या पलीकडचे बरेच काही येते: कमाईचे साधन, मुलांची शाळा, जमिनीवरचा हक्क, शेजारपाजार आणि आपल्या आयुष्याचे निर्णय पुन्हा आपल्या हाती आल्याची जाणीव. बांधून तयार झालेली घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिल्याची उदाहरणे अनेक देशांत आहेत, कारण ती कामाच्या ठिकाणापासून दूर होती किंवा त्यांत राहणाऱ्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. अशा ठिकाणी कागदोपत्री पुनर्बांधणी शंभर टक्के पूर्ण झालेली असते.

मार्च २०१५ मध्ये जपानमधील सेंदाई येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने २०१५ ते २०३० या काळासाठी जो आराखडा स्वीकारला, त्याच्या चार अग्रक्रमांपैकी एकात ‘पूर्वीपेक्षा चांगले उभारा’ हे तत्त्व आले आहे. तत्त्व उत्तम आहे, परंतु ‘चांगले’ ते कोणाच्या दृष्टीने, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने विचारावे लागते.

‘दुर्बल घटक’ म्हणजे नेमके कोण?

वृद्ध, दिव्यांग, लहान मुले, गरोदर स्त्रिया, एकल महिला, दीर्घकालीन आजारी व्यक्ती ही यादी सर्वांना पाठ असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे, कारण माणूस दुर्बल ठरतो तो बहुतेक वेळा भोवतालच्या व्यवस्थेमुळे. निवारा केंद्राला उतार असेल तर चाकाच्या खुर्चीवरचा तरुण इतरांसारखाच स्वतःचे स्वतः पाहतो; पाच पायऱ्या असतील तर तोच दुसऱ्यांवर अवलंबून राहतो. पूर्वसूचना केवळ भोंग्याने दिली तर कर्णबधिर व्यक्तीला ती पोहोचत नाही, आणि केवळ एकाच भाषेत दिली तर बाहेरगावाहून आलेल्या मजुराला ती कळत नाही.

२००५ मध्ये अमेरिकेत आलेल्या कतरिना वादळात लुइझियाना राज्यातील मृतांपैकी जवळजवळ निम्मे लोक ७५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे होते. २०११ च्या जपानमधील त्सुनामीत मृतांमध्ये साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इंडोनेशियातील आचे प्रांताच्या अनेक गावांत पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी अधिक संख्येने दगावल्या. बरेच पुरुष खोल समुद्रात होडीवर किंवा गावाबाहेर कामावर होते, तर स्त्रिया किनाऱ्यालगतच्या घरांत मुलांना सांभाळत होत्या. पोहण्याची आणि झाडावर चढण्याची सवयही मुलग्यांनाच अधिक होती. लाट सर्वांवर सारखीच आली, पण ती कोण कोठे असताना आली हे आधीच ठरलेले होते.

या नेहमीच्या यादीत न बसणारेही अनेक असतात. भाडेकरू, भूमिहीन, स्थलांतरित मजूर, ओळखपत्र नसलेले, आपत्तीआधीच कर्जात बुडालेले आणि घरी राहून अंथरुणावरच्या माणसाची शुश्रूषा करणारे लोक पंचनाम्याच्या वेळी सहसा समोर येत नाहीत. म्हणून सर्वेक्षण करणाऱ्याने एक साधा प्रश्न प्रत्येक घरी विचारावा: या गल्लीत असे कोण आहे, ज्याच्याकडे अजून कोणीच आले नाही?

निवारा केंद्रात किमान कोणत्या सोयी असाव्यात?

मानवतावादी कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘स्फिअर’ मानकांनुसार प्रत्येक व्यक्तीला पिण्यासाठी व घरगुती वापरासाठी मिळून दररोज किमान १५ लिटर पाणी, झोपण्याराहण्यासाठी किमान ३.५ चौरस मीटर आच्छादित जागा आणि दर २० जणांमागे एक शौचालय असावे. एका नळावर २५० पेक्षा अधिक लोक नसावेत आणि पाण्याची जागा ५०० मीटरपेक्षा दूर नसावी. सार्वजनिक शौचालयांत स्त्रिया आणि पुरुष यांचे प्रमाण तीनास एक असे सुचवलेले आहे, जे पाहून बरेच आयोजक चकित होतात. रांग कोणाची लांबते हे ज्याने पाहिले आहे तो होत नाही.

आकडे पूर्ण झाले तरी काम संपत नाही. शौचालयाला आतून कडी हवी, वाटेवर रात्रभर दिवा हवा. बाळाला दूध पाजण्यासाठी आडोसा, पाळीच्या काळातील साहित्य आणि ते टाकण्याची सोय, मधुमेह, रक्तदाब, अपस्मार किंवा मानसिक आजारावरची नियमित औषधे, चष्मा, श्रवणयंत्र, कुबड्या या गोष्टी मदतीच्या ट्रकमध्ये क्वचितच असतात. पुरात चष्मा वाहून गेलेली म्हातारी बाई अर्ज वाचू शकत नाही, सही कोठे करायची ते दिसत नाही, आणि मग ‘त्यांनी अर्जच केला नाही’ अशी नोंद होते.

घाईने केलेले स्थलांतरही जिवावर बेतू शकते. २०११ मधील फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर शुश्रूषागृहांतील वृद्धांना पुरेशा तयारीविना हलवावे लागले आणि त्यांच्यातील मृत्युदर वाढला. फुकुशिमा प्रांतात विस्थापन, आजाराची हेळसांड आणि ताण यांमुळे पुढे झालेले मृत्यू दोन हजारांच्या वर गेले. भूकंप आणि त्सुनामीत त्या प्रांतात थेट दगावलेल्यांपेक्षा ही संख्या मोठी आहे.

मृतदेहांमुळे साथ पसरते, म्हणून सामूहिक दफन किंवा दहन लवकर उरकावे, असे सांगितले जाते. हे खरे आहे का?

नाही. नैसर्गिक आपत्तीत मरण पावलेली माणसे बहुधा आघाताने, बुडून किंवा भाजून गेलेली असतात, साथीच्या रोगाने नव्हे. त्यामुळे त्यांच्यापासून साथ पसरण्याचा धोका अत्यल्प असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सातत्याने सांगत आली आहे. मृतदेह हाताळणाऱ्यांनी हातमोजे वापरावेत आणि मृतदेह पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून दूर ठेवावेत. कॉलरा किंवा इबोलासारख्या रोगाने झालेले मृत्यू हा वेगळा विषय आहे. साथीची भीती जिवंत माणसांच्या गर्दीत, दूषित पाण्यात आणि अपुऱ्या शौचालयांत शोधावी.

ओळख न पटवता उरकलेल्या अंत्यविधीचे परिणाम मात्र कुटुंबाला वर्षानुवर्षे भोगावे लागतात. मृत्यूची नोंद नाही, म्हणून वारस नोंद नाही. ती नाही, म्हणून बँक खाते, विमा, जमीन आणि निवृत्तिवेतन सारेच अडकते. शक्य असेल तर प्रत्येक मृतदेहाला क्रमांक द्यावा, चेहऱ्याचे व अंगावरील वस्तूंचे छायाचित्र घ्यावे आणि दफन केल्यास जागेची नोंद ठेवावी. बेपत्ता व्यक्ती मृत असल्याचे मानण्यासाठी बऱ्याच कायद्यांत काही वर्षे थांबावे लागते. भारतात ही मुदत सर्वसाधारणपणे सात वर्षांची आहे, आणि २०१३ च्या उत्तराखंडमधील प्रलयानंतर बेपत्ता लोकांसाठी विशेष कार्यपद्धती करून मृत्यूची नोंद करावी लागली. अशी तरतूद लवकर केली तर मागे राहिलेल्या पत्नीचे आणि मुलांचे हाल कितीतरी कमी होतात.

वस्तू पाठवाव्यात की पैसे?

बाजार चालू असेल किंवा थोड्याच दिवसांत चालू होणार असेल तर पैसे. प्रत्येक कुटुंबाची निकड वेगळी असते. एकाला औषध हवे, दुसऱ्याला पत्रे, तिसऱ्याला मुलीची शाळेची फी. रोख मदत मिळाल्यावर लोक ती उधळतात, हा समज अनुभवाला धरून नाही. शिवाय तीच रक्कम स्थानिक दुकानदाराच्या हातात गेली तर त्याचेही दुकान पुन्हा उभे राहते. बाजारच बंद असेल, रस्ते तुटले असतील किंवा मालाचा तुटवडा असेल तेव्हा अर्थातच वस्तू लागतात.

न मागितलेल्या वापरलेल्या कपड्यांचे ढीग ही आपत्ती व्यवस्थापनातील जुनी डोकेदुखी आहे. ते उतरवायला माणसे लागतात, साठवायला गोदाम लागते आणि शेवटी बरेचसे फेकावे लागते. जाणकार त्याला ‘दुसरी आपत्ती’ म्हणतात. जुने कपडे पाठवण्यामागची भावना खरी असते, पण आपण जे पाठवतो ते आपण स्वतः तशा प्रसंगी अंगावर घातले असते का, हे गाठोडे बांधण्यापूर्वी पाहावे.

तात्पुरत्या घरांचे वाटप कसे करावे? आधी सर्वांत गरजूंना द्यावे, हेच न्याय्य नाही का?

वरवर पाहता तेच न्याय्य वाटते आणि म्हणूनच कोबेचा अनुभव सविस्तर सांगण्यासारखा आहे. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात जपानमधील कोबे आणि परिसरात ६,४३४ लोक मरण पावले. त्यानंतर उभारलेल्या हजारो तात्पुरत्या घरांचे वाटप सोडतीने झाले आणि त्यात वृद्ध व दिव्यांगांना प्राधान्य देण्यात आले. हेतू निर्मळ होता. परिणाम असा झाला की निरनिराळ्या मोहल्ल्यांतील एकटे, वयस्कर, आजारी लोक शहराच्या कडेच्या वसाहतींत एकमेकांशेजारी येऊन पडले. त्यांना हाक मारणारे शेजारी, ओळखीचा दुकानदार, नेहमीचा डॉक्टर असे कोणीच जवळ राहिले नाही. तात्पुरत्या घरांत कोणाच्याही नकळत एकाकी मृत्यू आलेल्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. अशा मृत्यूसाठी असलेला ‘कोदोकुशी’ हा जपानी शब्द याच काळात घरोघरी पोहोचला.

२०११ च्या त्सुनामीनंतर मियागी प्रांतातील इवानुमा शहराने वेगळी वाट धरली. तेथे बऱ्याच लोकांना मूळ वस्तीनुसार गटाने हलवण्यात आले, तर काहींना एकेकट्याने. संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या रहिवाशांची तुलना केली, तेव्हा गटाने गेलेल्यांचा सामाजिक सहभाग टिकला किंवा वाढला आणि एकेकटे गेलेल्यांचा घटला, असे दिसून आले.

तेव्हा उत्तर असे: प्राधान्य द्यायचेच, पण ते व्यक्तीला तिच्या शेजारासकट द्यायचे. आजीला आधी घर मिळत असेल तर तिच्या दोन्ही बाजूंची कुटुंबे तिच्यासोबत हलवावीत. वाटप करणाऱ्याला याने त्रास होतो, यादी गुंतागुंतीची होते आणि सोडतीइतकी ती निःपक्षपाती दिसत नाही. तरीही आमचे मत ठामपणे याच बाजूचे आहे. वसाहतीत बसायला एक सामायिक खोली, चहापाण्याची जागा आणि दररोज फेरी मारणारे कोणीतरी माणूस असावे, हेही कोबेनेच शिकवले.

गाव आहे तेथेच बांधावे की सुरक्षित जागी हलवावे?

दरड कोसळण्याचा धोका कायम असेल, नदीने पात्र बदलले असेल किंवा जमीनच बसली असेल तर हलवण्याला पर्याय नसतो. बाकी प्रसंगी स्थलांतर हा शेवटचा उपाय मानावा. नकाशावर ते सोपे दिसते. पोटापाण्याच्या दृष्टीने ते कधीच सोपे नसते.

२००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेने किनाऱ्यापासून १०० मीटर, आणि उत्तर व पूर्व भागांत २०० मीटरपर्यंत घरबांधणीस मनाई केली. होडी आणि जाळी नजरेसमोर असावीत ही मच्छीमाराची गरज असते. त्याला आत ढकलले गेले आणि पर्यटन व्यवसायाला मात्र सूट मिळते अशी तक्रार झाली. अखेर हे निर्बंध शिथिल करावे लागले. इटलीतील लाक्विला येथे ६ एप्रिल २००९ च्या भूकंपात ३०९ लोक मरण पावले, त्यानंतर काही महिन्यांतच शहराभोवती १९ ठिकाणी सुमारे १५,००० लोकांसाठी भूकंपरोधक इमारती बांधण्यात आल्या. बांधकाम म्हणून ते काम वाखाणण्यासारखे होते. पण चौक, दुकाने, भेटण्याच्या जागा जवळ नव्हत्या आणि जुने शहर दीर्घकाळ बंद राहिले, त्यामुळे माणसे घरांत होती आणि शहर मात्र नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील साधारण ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. सरळ रस्ते आणि समान भूखंड अशी आखणी झाली. जुन्या गावांच्या तुलनेत ही गावे कितीतरी पटींनी पसरली, घरांतील अंतर वाढले आणि गल्ली, ओटा, आळी यांच्या आधाराने चालणारे दैनंदिन व्यवहार विस्कळित झाले. लोकांनी पुढे आपापल्या परीने भिंती बांधल्या, खोल्या जोडल्या, आखणी वळवून घेतली. रहिवासी आपल्या हातांनी जे बदल करतात तेच खरे तर आराखड्याचे परीक्षण असते, आणि ते आराखडा कागदावर असतानाच करून घेता आले असते.

स्थलांतर अटळ असेल तर तीन गोष्टींची हमी आधी मिळावी: कामाच्या ठिकाणापर्यंत परवडणारी ये-जा, जुन्या जमिनीवरील हक्काचे काय होणार याचे लेखी उत्तर, आणि संपूर्ण वस्ती एकत्र राहण्याची सोय. अमेरिकेतील व्हॅलमायर हे छोटे गाव १९९३ च्या मिसिसिपी महापुरानंतर जवळच्या उंच कड्यावर गेले, तेव्हा रहिवाशांच्या समित्यांनी आखणीत भाग घेतला. तरीही काही कुटुंबे परतली नाहीत. इतकी किंमत चांगल्या स्थलांतरालाही मोजावी लागते.

घर कंत्राटदाराने बांधावे की घरमालकाने?

बहुतेक ठिकाणी घरमालकाने, तांत्रिक मार्गदर्शन आणि टप्प्याटप्प्याने दिलेल्या अनुदानाच्या आधारे. २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपानंतर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. किल्लारीनंतरही हलवाव्या न लागलेल्या गावांतील दुरुस्तीचे काम घरमालकांनीच केले, आणि त्यात गावोगावच्या महिलांनी ‘संवाद सहायक’ म्हणून कुटुंबे आणि अभियंते यांच्यामध्ये दुवा साधला. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळने घरामागे ३ लाख नेपाळी रुपयांचे अनुदान तीन हप्त्यांत दिले. पुढचा हप्ता मिळण्यापूर्वी झालेले काम तपासले जात असे.

या पद्धतीचे यश तपशिलात असते. दगडमातीच्या भिंतीला दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड घातले का, कोपरे नीट सांधले का, दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा ओतला का, छप्पर हलके केले का, हे गवंड्याला समजले पाहिजे. किल्लारीत जाड दगडी भिंती आणि मातीची जड छपरे हेच जीवितहानीचे मोठे कारण ठरले. परंतु त्यावरून दगड वाईट आणि सिमेंट चांगले असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानने सुरुवातीला विटा किंवा ठोकळे आणि काँक्रीट यांच्याच घरांना अनुदान मान्य केले. डोंगराळ भागात सिमेंट आणि लोखंड नेणे दुरापास्त होते, तर लाकडी चौकटीत दगडमाती भरून बांधलेली ‘धज्जी’ पद्धतीची जुनी घरे भूकंपात चांगली टिकली होती. अखेर त्या पद्धतीला आणि लाकडी पट्ट्यांच्या ‘भतार’ पद्धतीला मान्यता देण्यात आली, आणि लोकांना परिचित साहित्याने घरे उभारता आली.

एक सावधगिरी मात्र हवी. स्वतःचे घर स्वतः बांधा, हे धडधाकट कुटुंबाला जमते. ऐंशी वर्षांच्या एकट्या माणसाला, अंध विधवेला किंवा मोठ्या बहिणीच्या आधाराने राहणाऱ्या अनाथ मुलांना नाही. गवंडी शोधणे, साहित्यासाठी आगाऊ रक्कम उभी करणे, हप्त्यासाठी बँकेत खेपा घालणे हे सर्व त्यांच्यासाठी कोणीतरी करावे लागते. नेपाळमध्ये अशी कुटुंबे वेगळी ओळखून त्यांना जादा मदत द्यावी लागली. योजनेच्या पहिल्याच दिवशी ही तरतूद असावी. अन्यथा सर्वात शेवटी उरलेली पडकी घरे नेमकी त्यांचीच असतात.

भाडेकरू, भूमिहीन आणि मालकीचे कागद नसलेल्यांचे काय?

बहुसंख्य योजना ‘घरमालक’ या शब्दापासून सुरू होतात आणि तेथेच अनेकांची वाट बंद होते. भाडेकरूचे सामान जाते, अनामत रक्कम बुडते, घर पडल्याचे अनुदान मात्र मालकाला मिळते; शिवाय शिल्लक घरांची भाडी वाढतात. भाडेकरूंसाठी ठरावीक काळाचे भाडे-अनुदान आणि घरगुती सामानासाठी स्वतंत्र रक्कम हा साधा उपाय आहे. मालकीचा कागद नसलेल्यांच्या बाबतीत शेजाऱ्यांची साक्ष, वीजबिल, मतदार यादी यांसारखे पुरावे ग्राह्य धरावेत.

भरपाईचे सूत्रही तपासून पाहावे लागते, कारण अन्याय कित्येकदा सूत्रातच दडलेला असतो. कतरिना वादळानंतर लुइझियानात घरदुरुस्तीचे अनुदान ठरवताना वादळापूर्वीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांपैकी कमी असेल ती रक्कम आधारभूत धरली गेली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत घरांच्या किमती आधीच कमी होत्या, दुरुस्तीचा खर्च मात्र इतरांइतकाच होता. त्यामुळे त्यांच्या हातात अपुरी रक्कम आली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये तडजोड झाली. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर सरकारने धोकादायक ठरवलेल्या भागातील घरे विकत घेतली, परंतु विमा नसलेल्यांना जमिनीच्या निम्म्याच किमतीचा प्रस्ताव दिला. २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयप्रक्रियेत दोष दाखवला. दोन्ही ठिकाणी कोणी उघडपणे भेदभाव करायला बसले नव्हते.

नवे घर पती-पत्नी दोघांच्या नावावर असावे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत असे करण्यात आले. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, अर्जात एक ओळ वाढवावी लागते.

अनाथ मुलांना दत्तक घेता येईल का?

आपत्तीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उत्तर ‘नाही’ असेच असावे. एकटे सापडलेले मूल अनाथ असतेच असे नाही. पुष्कळदा आईवडील दुसऱ्या छावणीत किंवा रुग्णालयात त्याचा शोध घेत असतात. जानेवारी २०१० च्या हैतीतील भूकंपानंतर परदेशी धार्मिक कार्यकर्त्यांच्या एका गटाला ३३ मुलांना परवानगीविना देशाबाहेर नेत असताना अटक झाली; त्यांपैकी अनेक मुलांचे पालक हयात होते. मुलांची नोंद करणे, कुटुंबाचा शोध घेणे, तोवर नातेवाइकांकडे किंवा ओळखीच्या कुटुंबात ठेवणे आणि त्या कुटुंबाला आर्थिक आधार देणे हा क्रम असावा. बालगृह हा त्यानंतरचा पर्याय आहे. शाळा जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे, मग ती तंबूत का असेना. मुलांचा दिवस रांगेला लागतो आणि पालकांना कामाच्या शोधात बाहेर पडता येते.

मानसिक आधार कोणी आणि कसा द्यावा? सर्वांना समुपदेशकाची गरज असते का?

सर्वांना नसते. झोप न लागणे, दचकणे, चिडचिड, अपराधी वाटणे या मोठ्या आघातानंतरच्या स्वाभाविक प्रतिक्रिया आहेत आणि सुरक्षितता, झोप, आप्तांचा ठावठिकाणा व करण्यासारखे काही काम मिळाले की बहुतेकांच्या बाबतीत त्या हळूहळू ओसरतात. विविध संस्थांच्या सहमतीने २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या मदतीची चार थरांची रचना सांगितली आहे: तळाशी मूलभूत सेवा व सुरक्षितता, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत आणि अगदी वर, थोड्यांसाठी, तज्ज्ञांचे उपचार. सन्मानाने मिळालेली भाकरी आणि खरी माहिती हीसुद्धा मानसिक आरोग्याची सेवाच आहे, हे यामागचे म्हणणे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने सहकारी संस्थांसह २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत पाहा, ऐका आणि जोडून द्या, अशी तीन पायऱ्यांची रीत आहे. कोणाला तातडीची गरज आहे ते पाहायचे, बोलायचे असेल तर शांतपणे ऐकायचे, आणि नातेवाईक, माहिती व सेवा यांच्याशी जोडून द्यायचे. घडलेले सर्व पुन्हा सांगायला भाग पाडणारी एकच बैठक घेण्याची जुनी पद्धत आता सुचवली जात नाही. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातील तीव्र ताणावर बेन्झोडायझेपाइन गटातील शामक गोळ्या देऊ नयेत अशीही शिफारस आहे. आत्महत्येचे विचार, महिनाभरानंतरही न ओसरणारी लक्षणे, आधीचा मानसिक आजार किंवा व्यसन वाढणे दिसले तर मात्र तज्ज्ञाकडे नेण्यात दिरंगाई करू नये. कार्यकर्त्यांनाही विश्रांतीची पाळी लावून द्यावी. मदत करणारा थकला की त्याच्या बोलण्यातला पहिला बदल रांगेतल्या माणसाला जाणवतो.

उपजीविका पूर्ववत करताना कोणत्या चुका होतात?

दिसणारी वस्तू वाटणे सोपे वाटते, म्हणून ती वाटली जाते. २००४ च्या त्सुनामीनंतर आचे आणि श्रीलंकेत होड्यांचे मोठ्या प्रमाणावर वाटप झाले. काही ठिकाणी पूर्वीपेक्षा जास्त लहान होड्या आल्या, काहींचा दर्जा निकृष्ट निघाला आणि किनाऱ्याजवळच्या मासेमारीवर ताण वाढला. होडीवर काम करणारे मजूर, मासे विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या स्त्रिया यांच्या नावावर काहीच नसल्याने त्यांना काहीच मिळाले नाही. कोणताही धंदा म्हणजे माणसांची साखळी असते, आणि तिच्यातली मालकी नसलेली कडी आधी मोजावी. ढिगारा उपसणे, गाळ काढणे, रस्ता मोकळा करणे ही कामे मजुरी देऊन बाधितांकडूनच करून घेता येतात. त्यात जड काम न झेपणाऱ्यांसाठी नोंदी ठेवणे, मुले सांभाळणे, स्वयंपाक अशी कामे राखून ठेवावीत.

स्वयंसेवक म्हणून लगेच निघावे का?

विशेष कौशल्य आणि बोलावणे नसेल तर लगेच नाही. पहिल्या तासांत ढिगाऱ्याखालून माणसे काढतात ती बहुतांश शेजारचीच माणसे असतात. कोबेतही तसेच झाले. त्या भूकंपानंतरच्या वर्षभरात दहा लाखांहून अधिक लोक स्वयंसेवक म्हणून आले, जपानमध्ये १९९५ हे ‘स्वयंसेवेचे पहिले वर्ष’ मानले जाऊ लागले आणि १९९८ मध्ये ना-नफा संस्थांसाठी कायदाही झाला. बाहेरून येणाऱ्याने राहण्याजेवण्याची सोय स्वतः करावी, स्थानिक गटाच्या सांगण्यानुसार काम करावे आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. सहा महिन्यांनी, जेव्हा कोणी फिरकत नाही, तेव्हा अर्ज भरून देणारा एक माणूस पहिल्या दिवशीच्या दहा जणांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

मदतीच्या यादीवरून भांडणे होतात. ती कशी टाळावीत?

पूर्णपणे टळत नाहीत. निकष काय आहेत, यादी कोणी केली आणि नाव राहिले असेल तर कोठे सांगायचे हे लोकभाषेत, सार्वजनिक जागी, मोठ्या अक्षरांत लावावे. वाचता न येणाऱ्यांसाठी ते वाचूनही दाखवावे. मात्र आजार, अत्याचार किंवा अपंगत्व यांची माहिती अशा यादीत कधीही लावू नये. तक्रार ऐकणारी व्यक्ती वाटप करणाऱ्यांपैकी नसावी. स्त्रियांच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्त्री असावी. वाटपाच्या बदल्यात कोणी पैसे किंवा शरीरसुखाची मागणी करत असेल तर ती तक्रार नेहमीच्या पेटीत न टाकता थेट वरिष्ठांपर्यंत आणि पोलिसांपर्यंत जाण्याची वाट ठरलेली असावी. मदत मिळालेली वस्ती आणि शेजारची न मिळालेली वस्ती यांच्यात कटुता येते. पाणीपुरवठा, शाळा आणि दवाखाना यांवरचा खर्च दोघांच्या उपयोगाचा ठेवला तर ती काहीशी कमी होते.

बाहेरून आलेल्या संस्थेने काम केव्हा थांबवावे?

निधी संपला म्हणून बहुतेक संस्था निघतात, आणि ते त्यांच्या हातात नसतेही. पण निघण्याचा दिवस पहिल्या महिन्यातच गावाला सांगून ठेवता येतो. त्यापूर्वी पंप कोण दुरुस्त करणार आणि त्याचे पैसे कोठून येणार, सामायिक खोलीची किल्ली कोणाकडे राहणार, अर्धवट राहिलेल्या घरांचा शेवटचा हप्ता कोण मिळवून देणार, एकट्या राहणाऱ्यांकडे आठवड्यातून एकदा कोण जाणार, याची नावानिशी नोंद असावी. घरांचे नकाशे, पायाची छायाचित्रे, लाभार्थ्यांची यादी आणि तक्रारवही स्थानिक कार्यालयाकडे प्रतींसह द्यावी. वर्षभराने संस्थेचे कोणीतरी परत यावे, आणि यादीतल्या शेवटच्या दहा घरांपासून भेटींना सुरुवात करावी.